आमिश वस्तीतली भयकथा: भीती नेमकी कुठे ठेवायची?

कंदील (धागाकर्ती)

आमिश म्हणजे अमेरिकेतला जुन्या वळणाने राहणारा ख्रिस्ती समाज. त्यांच्या वस्तीत घडणाऱ्या भयकथा मी मिळेल तिथून वाचते. इंग्रजीत त्यांचा आता एक ठरलेला साचा झाला आहे. शहरातलं कुणीतरी वाट चुकतं, घोडागाडीतला दाढीवाला म्हातारा त्याला घरी नेतो, रॉकेलच्या दिव्यात जेवणं होतात, कुणी फारसं बोलत नाही. इथपर्यंत अंगावर काटा येतो. मग मध्यावर कोठाराचं दार उघडतं आणि आत बोकडाचं मुंडकं, रक्ताने काढलेली चिन्हं, बळी द्यायला बांधलेली मुलगी. माझ्यासाठी कथा तिथेच संपते. तोवर जे लोक आमिश होते ते त्या दाराआड कुठलाही सैतानपूजक पंथ होऊन जातात. अंगावरचे कपडे तेवढे आमिशांचे उरतात.

माझं म्हणणं असं की या समाजात भयकथा लिहायची तर ती त्यांच्या स्वतःच्या नियमांतून उगवायला हवी. त्या नियमांत भीती काठोकाठ भरलेली आहे.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १५२५ मध्ये झ्युरिकला काही ख्रिस्ती लोकांनी ठरवलं की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, मोठेपणी ज्याने त्याने समजून-उमजून घ्यायचा. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोन्ही बाजूंच्या राजवटींनी त्यांचा छळ केला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ च्या जानेवारीत लिमाट नदीत बांधून बुडवलं. पुढे १६९३ मध्ये याच परंपरेत स्वित्झर्लंड आणि आल्सासमध्ये फूट पडली. याकोब आमानचा आग्रह होता की मंडळीतून, म्हणजे चर्चच्या समुदायातून, काढलेल्या माणसाशी पंगतीसकट सगळा व्यवहार तोडायचा. बाकीच्यांना ते फार कठोर वाटलं. आमानच्या मागे गेले ते आमिश. या समाजाचा जन्मच बहिष्काराच्या भांडणातून झालेला आहे. १७०० मध्ये आमान आणि त्याच्या साथीदारांनी आपण घाई केली हे कबूल करून स्वतःलाच मंडळीबाहेर ठेवलं, तरी समेट झाला नाही. या एका प्रसंगात आख्खी कादंबरी आहे.

या बहिष्काराला ते माइडुंग म्हणतात. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने मंडळी सोडली, किंवा नियम मोडून पश्चात्ताप नाकारला, तर त्याला घराबाहेर हाकलतातच असं नाही. तो येऊ शकतो, जेवायला बसू शकतो. पण त्याचं टेबल वेगळं. काही घरांत दोन टेबलं जवळजवळ लावतात, मध्ये थोडी फट ठेवतात आणि दोन्हींवर एकच चादर अंथरतात. पाहुण्याला एकच लांब टेबल दिसतं. फट घरच्यांना माहीत असते. शिवाय त्याच्या हातून कुणी काही घेत नाही. त्याने वाटी खाली ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. आई मुलाच्या आवडीचं रांधते, पोटभर वाढते, आणि त्याने पुढे केलेली वाटी मात्र हातात घेत नाही. यात कुणीही दुष्ट नाही. तिला मनापासून वाटतं की असं केलं तरच तो परत येईल. त्या चादरीइतकी भीती मला कुठल्याही बोकडाच्या मुंडक्याची वाटलेली नाही.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. त्यांच्यात धर्मोपदेशक होण्यासाठी शिक्षण नसतं, पगार नसतो, अर्जही नसतो. मंडळीतले स्त्री-पुरुष एकेक करून दाराशी जातात आणि मनातलं नाव कुजबुजतात. ज्यांच्या नावाला ठरलेल्याइतकी मतं पडतात तेवढी गीतपुस्तकं टेबलावर मांडतात. एकाच पुस्तकात चिठ्ठी असते, तीवर बायबलमधलं वचन. प्रत्येकाने एक पुस्तक उचलायचं. बिशप ती एकामागून एक उघडतो. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघाली तो जन्मभरासाठी उपदेशक. शेत, दूधदुभतं, मुलंबाळं सांभाळून. नाही म्हणता येत नाही, कारण बाप्तिस्म्याच्या वेळीच प्रत्येक पुरुषाने तसं वचन दिलेलं असतं. त्या वेळी तो माणूस आणि त्याची बायको रडतात, आणि भोवतीचे लोकही रडतात. अभिनंदन कुणी करत नाही.

हे दोन प्रसंग हातात असताना लेखकाला ते कोठार कशाला लागतं?

तुम्हाला काय वाटतं? कुणी या वातावरणावर मराठीत लिहितंय का? मी स्वतः एक कथा लिहायला घेतली आहे. चर्चा रंगली तर तिचा तुकडा इथेच टाकेन.

---

ओहायोकर

उत्तम धागा. मी ओहायोतल्या होम्स काउंटीपासून, म्हणजे आमिशांच्या मोठ्या वस्तीपासून, तासाभरावर राहतो, त्यामुळे "एकाकी वस्ती" याबद्दल बोलतो.

भयकथांमधली वस्ती नेहमी जंगलाच्या टोकाला, फाटकाच्या आत असते. आमिश तसे राहत नाहीत. त्यांची शेतं इतरांच्या शेतांना लागून असतात. त्यांच्या भाषेत आपण सगळे "इंग्लिश", मग माणूस पुण्याचा असो की टोलीडोचा. एका बाजूला आमिश घर, पलीकडे इंग्लिश घर, समोर पेट्रोलपंप. बाजारात दुकानाबाहेर घोडे बांधायची जागा असते. फोन घरात नसतो, पण रस्त्याकडेला लाकडी खोपट्यात असतो आणि दोन-चार घरं मिळून तो वापरतात. वीज तारेवरून घेत नाहीत, पण डिझेलवर हवा दाबून त्या हवेवर सुतारकामाची यंत्रं, अगदी स्वयंपाकघरातलं मिक्सरसुद्धा चालवतात. हे सगळं गावोगाव बदलतं, कारण प्रत्येक मंडळीचा ऑर्डनुंग, म्हणजे नियमांचा संच, वेगळा. श्वार्टझेनट्रुबर हा त्यांच्यातला फार कडक गट घोडागाडीमागे संथ वाहनाची खूण असलेला नारिंगी त्रिकोणही लावत नाही, राखाडी परावर्तक पट्टी लावतो. अमावास्येच्या रात्री चढावर अशी गाडी अचानक समोर येते तेव्हा पोटात गोळा येतो, आणि तिथे भुताखेताचा संबंध नसतो.

म्हणून मला वाटतं की त्यांचं एकटेपण नकाशावर शोधू नये. रस्त्यापलीकडे पोलीस आहेत, दवाखाना आहे, फोन वीस पावलांवर आहे, आणि तरी माणूस तिथपर्यंत जात नाही. कथेत हे आलं तर वाचक जास्त घाबरेल, कारण "मदत मागायला कुणी नव्हतं" ही सबब राहत नाही.

एक रूपबंध सुचवतो. शुगरक्रीकहून १८९० पासून "द बजेट" नावाचं साप्ताहिक निघतं. गावोगावचे लेखनिक त्यात पत्रं पाठवतात: पाऊस किती, कुणाकडे उपासना झाली, कोण पाहुणे आले, कोण आजारी, कोण वारलं. आवाज कधी चढत नाही. अशा एखाद्या काल्पनिक साप्ताहिकातल्या वर्षभराच्या पत्रांतून भयकथा लिहिता येईल. "सकाळी धुकं होतं. उपासनेला एकोणतीस घरं. थोरल्या मुलीला अजून बरं नाही." पुढच्या पत्रात अठ्ठावीस घरं. लेखनिक कारण देत नाही.

---

रानवाट

कंदील, तुमचा मुद्दा पटतो, पण अर्धाच. भयकथेला थोडी अतिशयोक्ती लागते. वाचक समाजशास्त्र वाचायला येत नाही. दोन टेबलांमधल्या फटीने जाणता वाचक हादरेल, बाकीच्यांना ती कौटुंबिक कथा वाटेल.

आणि ओहायोकर, खरोखर दूरवरच्या वस्त्याही आहेत. माँटानात रेक्सफर्डजवळ वेस्ट कूटनेला १९७५ पासून आमिश राहतात, कॅनडाच्या सरहद्दीलगत, डोंगर आणि पाइनच्या रानात. आज अमेरिकेत चार लाखांच्या आसपास आमिश आहेत, साधारण वीस वर्षांत संख्या दुप्पट होते. जमीन पुरत नाही म्हणून पाच-सात कुटुंबं उठतात आणि नव्या राज्यात जातात. कित्येक नव्या वस्त्या मोडल्याही आहेत.

मला कथा तिथे दिसते. सहा कुटुंबं, पहिला हिवाळा, आणि सोबत आलेला एकमेव उपदेशक वारतो. आता प्रभुभोजन नाही, बाप्तिस्मा नाही, लग्न नाही. बाहेरचा बिशप बर्फ वितळल्याशिवाय येणार नाही. त्या मधल्या महिन्यांत नियम कोण सांभाळणार? मग ते स्वतःच चिठ्ठी टाकायचं ठरवतात. हे त्यांच्या रीतीच्या बाहेरचं आहे, सगळ्यांना कळतंय. पुस्तकं मांडली जातात. पहिल्याच पुस्तकात चिठ्ठी निघते. दुसऱ्यातही. सगळ्यांत.

---

पानगळ

रानवाट, ते "सगळ्यांत" वाचून खरंच थबकले. इथे अलौकिक काही नसेल तर जास्त भयंकर. कुणीतरी प्रत्येक पुस्तकात चिठ्ठी ठेवली आहे.

---

मुक्तछंद

मला एक अडचण मांडायची आहे.

आमिश हा जिवंत, छोटा समाज आहे. ते सहसा कोर्टात जात नाहीत, वर्तमानपत्रातून खुलासे करत नाहीत. त्यांच्याबद्दल काहीही लिहिलं तरी उत्तर येणार नाही, हे लेखकाला पक्कं माहीत असतं. अशा समाजाला राक्षस करणं फार सोपं आहे.

आणि खरं क्रौर्य त्यांच्याकडे बाहेरून आलं. २ ऑक्टोबर २००६ रोजी पेनसिल्व्हेनियात निकेल माइन्सच्या एकखोली शाळेत बाहेरचा, ओळखीतला माणूस बंदूक घेऊन शिरला. मुलग्यांना बाहेर जाऊ दिलं, दहा मुलींना गोळ्या घातल्या, त्यातल्या पाच गेल्या, मग त्याने स्वतःला संपवलं. त्याच दिवशी आमिश शेजारी त्याच्या बायकोमुलांच्या आणि आईवडिलांच्या सांत्वनाला गेले. त्याच्या दफनालाही ते आले होते. दहा दिवसांनी शाळेची इमारत पाडली आणि ती जागा मोकळी ठेवली.

हे वाचल्यावर काळी टोपी घातलेला खुनी रंगवणाऱ्या पटकथा मला बघवत नाहीत.

---

कंदील

मुक्तछंद, म्हणूनच हा धागा काढला. पण "लिहू नका" असं माझं म्हणणं नाही. त्या समाजाच्या क्षमेकडे नीट बघितलं तर तिच्यात फार खोल भय दडलेलं आहे. क्षमा मनात यायची वाट न बघता ती करायचीच असते. भावना मागून येतील, असा विश्वास. त्यांना लहानपणापासून डर्क विलेम्सची गोष्ट सांगतात. नेदरलँड्समधल्या आस्परेनचा हा माणूस १५६९ मध्ये कैदेतून पळाला, गोठलेलं पाणी ओलांडून पार गेला, आणि पाठलाग करणारा बर्फ फुटून बुडू लागला म्हणून मागे फिरला. त्याने त्याला वाचवलं. तरी डर्कलाच पकडून जाळण्यात आलं. वाऱ्याने ज्वाळा उलट्या फिरत होत्या म्हणून मरण लांबलं, आणि शेजारच्या गावापर्यंत सत्तराहून जास्त वेळा त्याचा धावा ऐकू गेला, असं त्यांच्या हुतात्म्यांच्या ग्रंथात लिहिलेलं आहे. १६८५ च्या आवृत्तीत यान लाउकेनने कोरलेलं त्याचं चित्र आहे: बर्फावर ओणवा, दोन्ही हात पुढे. कितीतरी आमिश घरांत तो ग्रंथ असतो.

त्याच ग्रंथाची जर्मन आवृत्ती १७४८-४९ मध्ये पेनसिल्व्हेनियात एफ्राटा इथल्या मठात छापली, सुमारे दीड हजार पानांची. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात तिथले न बांधलेले छापील कागद सैन्याने उचलून काडतुसांसाठी नेले. शस्त्र न धरता मेलेल्यांच्या कहाण्या बंदुकीत भरल्या गेल्या.

---

डॉ. निशिगंध

वैद्यकीय बाजू कुणीतरी मांडायला हवी, कारण भयपटवाले हमखास इथे घसरतात.

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीच्या आमिशांत एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड सिंड्रोम हा आनुवंशिक आजार इतर लोकांपेक्षा खूप जास्त आढळतो. उंची कमी, हाताला सहावं बोट, कित्येकदा हृदयाला छिद्र. व्हिक्टर मॅक्युसिक यांनी १९६४ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला आणि वंशावळ १७४४ साली आलेल्या एका जोडप्यापर्यंत नेली. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या समाजात असं होतंच. पडद्यावर हे सहावं बोट लगेच सैतानाची खूण होतं. एखाद्या आजारी बाळाला असं वापरणं मला माणूस म्हणून सहन होत नाही.

खरी घटना याहून जास्त हलवणारी आहे. काही आमिश कुटुंबांत धडधाकट मुलं खेळता-पळताना अचानक कोसळून जात होती. एकाच घरातली एकाहून जास्त मुलं. शवविच्छेदनात काही सापडत नसे. २०२० मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं की आरवायआर२ या जनुकाच्या एका भागाची दुप्पट प्रत आई आणि वडील दोघांकडून आली की हृदयाची लय बिघडते. उत्तर मिळण्याआधीची ती वर्षं डोळ्यांसमोर आणा. कोणतं मूल आता धावेल, हे बघत बसलेली आई. अशी कथा मी वाचेन, अट एवढीच की शेवटी शाप खरा ठरू नये.

आणि "डॉक्टरला न मानणारे" हेही सरसकट खरं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या स्ट्रासबर्गला १९८९ मध्ये लहान मुलांच्या आनुवंशिक आजारांचं क्लिनिक स्थापन झालं. त्याची तिथली लाकडी इमारत आमिश आणि मेनोनाइट (त्याच परंपरेतला दुसरा पंथ) लोकांनी आपल्या हातांनी उभी केली.

---

गावकूस

माझं गाव कोकणातलं. माइडुंगबद्दल वाचताना वाळीत टाकलेली घरं आठवणारच. गावकीने ठरवलं की त्या घराशी बोलणं बंद, दुकानात माल नाही, लग्नाला आमंत्रण नाही, मयताला खांदा द्यायला माणूस नाही. महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला तो काही उगाच नाही.

फरकही मोठा आहे. आमच्याकडे वाळीत टाकण्यामागे बहुधा जमिनीचा, मानपानाचा, जातीबाहेरच्या लग्नाचा राग असतो, आणि तो राग चेहऱ्यावर दिसतो. इथे राग दिसतच नाही. वाढणारी आई रडत रडत वाढते. वाळीत पडलेला माणूस निदान गावाचा तिरस्कार करू शकतो. प्रेमाने वाढणाऱ्या आईचा तिरस्कार कसा करणार?

---

सायंकाळ

सगळं वाचलं. "यात कुणी दुष्ट नाही" या वाक्याशी मला भांडायचं आहे.

बोलिव्हियातली मॅनिटोबा कॉलनी. हे आमिश नाहीत, जुन्या वळणाचे मेनोनाइट आहेत. मूळ तोच सोळाव्या शतकातला, पण वस्ती खरोखर तुटलेली. २००५ ते २००९ या काळात तिथल्या बायका आणि मुली सकाळी जड डोक्याने उठत, अंगावर जखमा, रक्त, रात्रीचं काही आठवत नाही. त्यांना सांगितलं गेलं की हे भुतांचं, सैतानाचं काम, किंवा तुमच्या पापाची शिक्षा, किंवा तुमची कल्पना. २००९ मध्ये माणसं पकडली गेली तेव्हा कळलं की वस्तीतलेच पुरुष गुरांच्या भुलीच्या औषधापासून केलेला फवारा खिडकीतून मारून घरात शिरत होते. २०११ मध्ये शिक्षा झाल्या. नोंदलेल्या पीडितांची संख्या १३० च्या वर होती.

मी भयकथा वाचते ती भुताच्या ओढीने. पण इथे भूत हेच खोटं होतं, आणि त्या खोट्याच्या आडून सगळं चाललं. म्हणून आमिश किंवा मेनोनाइट वस्तीतल्या कथेत लेखक सहजपणे भूत आणतो तेव्हा मला विचारावंसं वाटतं: हे भूत कुणाला वाचवतंय?

आमिशांमध्येही अत्याचाराची प्रकरणं न्यायालयांत गेली आहेत. पुढे येऊन बोललेल्या स्त्रियांच्या हकिगतींत एक गोष्ट पुन्हापुन्हा येते. त्या पुरुषाने मंडळीसमोर गुडघे टेकून कबुली दिली, काही आठवडे बाहेर राहिला, मग त्याला परत घेतलं. आता क्षमा झाली, विषय संपला. त्यानंतर जी मुलगी तो विषय काढेल तीच दोषी, क्षमा न करणारी. तिने पुन्हा त्याच घरात, त्याच टेबलावर जेवायचं. त्या टेबलात फट नाही.

कंदील, तुमच्या चादरीखाली हेही ठेवा.

---

कंदील

सायंकाळ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. कथेचा आराखडा तुमच्या प्रश्नासमोर ठेवूनच पुन्हा तपासला. तो असा:

आमोस चार वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेऊन नंतर वस्ती सोडून गेला. वसंतात एका संध्याकाळी परत येतो. घरात त्याचा एकही फोटो नाही, कारण फोटो काढत नाहीत. नाक असंच होतं, नाही जरा रुंद होतं, यावर भावंडांचं एकमत होत नाही. बहिष्कार असल्यामुळे त्याच्या हातून कुणी काही घेत नाही, कुणी हात मिळवत नाही. म्हणजे घरात आलेल्या या माणसाला कुणीही स्पर्श करत नाही. तो कोण आहे, काय आहे, हे कळायची एकमेव वाट नियमानेच बंद केली आहे.

अपवाद एक. धाकटी रिबेका सतरा वर्षांची आहे, तिचा बाप्तिस्मा अजून झालेला नाही. नियम तिला बांधत नाही. आईच्या, म्हणजे लिडियाच्या, नजरेतून लिहिलेला तुकडा देते (डॅट म्हणजे बाबा, मॅम म्हणजे आई):

"रिबेकाने पुढे होऊन त्याच्या हातून दुधाचा जग घेतला. लिडियाला बरं वाटलं. निदान एक तरी हात त्याच्यापर्यंत पोचतो आहे, असं तिच्या मनात आलं आणि असं वाटल्याबद्दल तिने मनातच देवाची क्षमा मागितली. जग टेबलावर आला. त्यातलं दूध थोडंसं हिंदकळलं. रिबेका जागेवर बसली आणि तिने हात मांडीवर, ॲप्रनच्या खाली घेतला.

जेवणाआधीची मूक प्रार्थना झाली. डॅटने मान वर केली तशी सगळ्यांनी केली. रिबेकाची मान खालीच होती. ती ताटाकडे बघत होती आणि तिचा हात ॲप्रनखाली पुसला जात होता, पुन्हापुन्हा, एकाच जागी.

रविवारी उपासनेहून परतताना ती म्हणाली, 'मॅम, या उन्हाळ्यात मलाही शिकवणीला बसायचंय.'

'बाप्तिस्म्याच्या?'

'हो.'

'तू तर म्हणाली होतीस, अजून दोन वर्षं तरी थांबेन.'

'आता नाही थांबायचं.'

डॅटने लगाम सैल सोडला आणि बाहीने डोळे टिपले. त्या आठवड्यात तीन घरच्या बायका आनंद सांगायला आल्या. बिशपनेही येऊन सांगितलं की भावाच्या परत येण्याने बहिणीचं मन वळलं, देवाची योजना मोठी असते. लिडिया हसून मान डोलवत होती. आत रिबेका भांडी घासत होती. आमोस तिच्या मागे ताट धरून उभा होता. तो ते टेबलावर ठेवत नव्हता. शिकवणीचे रविवार नऊ. एक आड एक. लिडियाने मनात मोजायला सुरुवात केली."

पुढे बाप्तिस्मा होतो की त्याआधी आमोस गुडघे टेकून कबुली द्यायला तयार होतो, यात मी अडले आहे. कारण कबुलीनंतर बिशपला त्याचा हात धरून उठवावं लागेल आणि पवित्र चुंबन द्यावं लागेल. मग सगळ्यांना तो हात धरावा लागेल.

---

रानवाट

ताट खाली न ठेवता उभा राहतो, ते फार नेमकं आलंय. आधीचा माझा आक्षेप, की फटीने वाचक घाबरणार नाही, तो इथे उरत नाही. कबुलीचा शेवट घ्या. वाचक नऊ रविवार मोजत असताना आठव्यालाच तो गुडघे टेकतो, असं केलंत तर रिबेकाची सुटका हातातून जाते.

---

ओहायोकर

तपशील दोन. शिकवणीत नेदरलँड्समधल्या डॉर्ड्रेख्टच्या १६३२ च्या श्रद्धाविधानातली अठरा कलमं घेतात, साधारण एका वेळी दोन. त्यातलं सतरावं कलम बहिष्कृतांपासून दूर राहण्याबद्दलच आहे. म्हणजे शेवटच्या रविवारी रिबेकाला नेमकं तेच शिकवतील. हे तुम्हाला वापरता येईल.

दुसरं, उपासना घरोघरी होते, बाकांची गाडी एका घरून दुसऱ्या घरी जाते. नववा रविवार लिडियाच्या घरी येऊ द्या. मग आमोस त्या छपराखालीच असेल.

---

सायंकाळ

माझा आग्रह एकच. रिबेकाला ॲप्रनखाली काय जाणवलं ते शेवटपर्यंत उघड करू नका असं बरेच जण सुचवतील. मला उलट वाटतं. तिला ते बोलू द्या, आणि आईला ऐकू द्या. तिने सांगितल्यावर लिडिया काय करते, तिथे कथेचा कस लागेल. रिबेका सांगेल आणि लिडिया म्हणेल, "तो परत आलाय, आता असं बोलू नये." आमोस मेलेला असो, दुसराच कुणी असो, किंवा फक्त आमोस असो, त्या वाक्याने तिन्ही कथा सारख्याच भयंकर होतात.

---

कंदील

सतरावं कलम नवव्या रविवारी, आणि तो रविवार लिडियाच्या घरी. हे दोन्ही घेते. सायंकाळ, रिबेका बोलेल. कबुली मात्र आठव्या रविवारी होणार नाही, तशी झाली तर शेवटच्या शिकवणीला अर्थ राहत नाही. ती नवव्यालाच, कलम वाचून झाल्यावर, भरल्या घरात होईल. लिहून झालं की पूर्ण कथा वेगळ्या धाग्यावर टाकते. डॉ. निशिगंध, मेलेल्या आणि जिवंत माणसाच्या हाताच्या स्पर्शात नेमका काय काय फरक असतो, ते जमल्यास इथेच लिहा.